सरळ नेलेली पिवळी पट्टी

मी, कुंथुनाथ आदाप्पा मगदूम, वय ६८, धंदा सिमेंटच्या फरशा व बाकडी करणे, राहणार निपाणी, जिल्हा बेळगावी, असे लिहून ठेवतो की हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. असता तर बरे झाले असते. हे तीन वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

माझी पत्नी धोंडूबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मला एक मुलगा, अभिनंदन, आणि एक मुलगी, अनुराधा. तिसरा वारस नाही.

१. राहते घर अनुराधाला द्यावे. ती इचलकरंजीला सासरी असते, तिला घराची गरज नाही, असे कोणी म्हणेल. गरज आहे म्हणून देत नाही. आईच्या शेवटच्या एकोणीस दिवसांत ती दवाखान्यात खाटेखाली सतरंजी टाकून झोपली, म्हणून देतो. अभिनंदनला वरच्या मजल्यावर हयातभर राहता यावे. तिने त्याला उठवू नये. उठवणारही नाही.

२. कोगनोळी रस्त्यावरची बारा गुंठे जागा, शेड, पाण्याचा हौद, बाकड्यांचे साचे व तयार माल अभिनंदनला द्यावा. पेव्हर ब्लॉक पुरते दिवस पाणी प्यायल्याशिवाय गाडीत भरू नयेत. ठेकेदार घाई करतात. करू द्यावी.

गल्लीतली माणसे मला म्हणतात, "काकूच्या नावाचं एक बाकडं बसवा की बस्तीच्या देवळासमोर. घरचंच तर हाय." दुसऱ्यांच्या नावाची तीनशेवर बाकडी मी केली. पाठीवर नाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. धोंडूबाईच्या नावाचे करू नये. ती जिथे पडली तिथे लोकांनी तिच्या नावाला पाठ टेकून बसावे, हे मला नको.

३. मेहुणे शांतिनाथ यांनी २०११ साली नेलेला मिक्सर परत मागू नये. तो तेव्हाही चालत नव्हता.

४. हे कलम लिहिण्यासाठी मृत्युपत्र करीत आहे.

२०१९ साली जैन बस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पदपथाचे काम मला मिळाले. राखी ब्लॉक आणि मधून एक पिवळी पट्टी. पिवळ्या फरशा दोन प्रकारच्या होत्या. एकीवर लांब उंचवटे, दुसरीवर गोल ठिपके. दोन्हींचे रबरी साचे ठेकेदाराने आणून दिले. या फरशा कशासाठी असतात हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. मला ते नक्षीकाम वाटले. मी दर पाचवी फरशी ठिपक्यांची लावायला सांगितली. दिसायला चांगली दिसत होती.

फरशी बसवायला भरमू होता. भरमू सिद्धाप्पा नाईक, राहणार कोगनोळी. माझ्याकडे एकतीस वर्षे गवंडी. बस्तीच्या अलीकडे पट्टीच्या वाटेत गटाराचे चेंबर आले. तेव्हा तो हातातली थापी खाली ठेवून म्हणाला,

"आण्णा, हितनं वळवायची का पट्टी?"

"वळवायला फरशा कापाय लागत्यात. सरळ ने की."

"चेंबरावर जात्या."

"जाऊ दे. झाकण हाय न्हवं त्येला?"

त्याने सरळ नेली.

पुढच्या वर्षी काचबिंदूने धोंडूबाईची नजर गेली. ती घरात बसेना. तिला रोज बस्तीला जायचे असायचे. पहिल्या दिवशी मी हात धरून नेले. परत येताना ती मध्येच उभी राहिली आणि चप्पल काढून पायाने फरशी चाचपू लागली.

"अवो, ह्या पट्ट्या वाट दावत्यात की."

मी हसलो. म्हणालो, "मग ह्येच्यावरनंच चाल. काय हुईत न्हाई."

"आनि हे ठिपकं? हे कशाला केल्यासा?"

"शोभेला गं."

त्यानंतर दीड वर्ष ती एकटी जात होती. ठिपके पायाला लागले तरी ती थांबत नव्हती. थांबायचे कारण मी तिला ठेवले नव्हते.

२०२२ च्या जानेवारीत कोणीतरी चेंबरचे झाकण काढून ठेवले होते. कोणी ते मी शोधले नाही. पट्टी सरळ गेली होती, तीही सरळ गेली. खुब्याचे हाड मोडले. बेळगावात एकोणीस दिवस.

तिथल्या दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी एक अंध गृहस्थ बसत. त्यांनी धंदा विचारला, मी सांगितला. ते खूश झाले. म्हणाले, "तुमच्या फरशांवर आम्ही चालतो. पट्टी म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका आहे." मग म्हणाले, "हे तुम्हाला काय सांगायचं!"

मी हो म्हणालो.

तिचे दिवस झाल्यावर अभिनंदनने कारखान्यात सगळ्यांसमोर विचारले, "ती फरशी कुणी बसवली?" मी त्याच्या शेजारी उभा होतो. भरमूने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलत नाही असे पाहून तो म्हणाला, "बसवली मीच."

"माझ्या आईला खड्ड्यात घातलंस तू," अभिनंदन म्हणाला. त्याने भरमूच्या हातातली थापी घेतली आणि फाटकाबाहेर फेकली. भरमू ती उचलायला वाकला, मग न उचलताच गेला. त्या दिवसापासून त्याला कोणी काम दिले नाही. कोगनोळीत पोरेटोरेही त्याला 'खड्ड्याचा गवंडी' म्हणतात. आता तो हायवेवरच्या एका धाब्यावर भांडी घासतो.

बस्तीच्या रस्त्याची पट्टी मी नंतर परवानगी काढून वळवून घेतली. चेंबरच्या अलीकडे ठिपक्यांच्या दोन ओळी बसवल्या. मधले शोभेचे ठिपके काढून टाकले. त्याला चार दिवस लागले. हे कलम लिहायला तीन वर्षे लागली.

मी लिहून देतो की पट्टी सरळ नेण्याचा हुकूम माझा होता. भरमूने वळवू का असे विचारले होते. त्याचा कोणताही दोष नाही.

५. साच्यात सिमेंट बसवायचे हलते टेबल, दोन्ही पिवळ्या फरशांचे साचे व रंगाचे मशीन भरमूला द्यावे.

जोड

वरील मजकूर १० फेब्रुवारीला पुरा झाला. सही राहिली होती. १४ तारखेला भरमूला निरोप धाडून बोलावले. शेजारचे निवृत्त शिक्षक रविराज देसाई यांनी त्याला कलम ४ व ५ वाचून दाखवले. भरमू उंबऱ्याजवळ बसला होता. खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही.

"झालं वाचून?" त्याने विचारले.

"झालं."

"अभिला कवा कळायचं हे?"

"माझ्या माघारी."

भरमू उंबऱ्यापासून जरा पुढे सरकला. मग म्हणाला, "आण्णा, मी तुमच्यापेक्षा दोन वर्सानं थोरला हाय. आधी मीच गेलो तर?"

मी कलम ४ चे पान परत पुढ्यात ओढले.

"आनि ते मशीन खोडा. मशीन दिऊन लिवून घेतलं म्हंतील लोक. मला साक्षीची सही करू द्या. मी हितं बसून ऐकलंय."

मास्तर म्हणाले, "ज्याला काही मिळणार आहे, त्यानं साक्षीला राहू नये, असं वकील सांगतात."

"म्हणूनच म्हंतोय, खोडा."

मी अभिनंदनला कारखान्यातून बोलावून घेतले. त्याने कागद हातात घेतला आणि उभ्यानेच दोनदा वाचला.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही तिथंच हुता."

"व्हय."

"माझ्या शेजारी."

"व्हय."

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग भरमूकडे वळून म्हणाला, "मामा, जेवून जावा."

भरमू जेवला. अभिनंदनने स्वतः वाढले आणि त्याच्यासमोर जेवायला बसला. ताटे दोनच होती.

आज १८ तारीख. अभिनंदन माझ्याशी बोललेला नाही.

कलम ५ रद्द समजावे. त्या वस्तू कलम २ मध्ये धराव्यात. बाकी कलमे कायम. अभिनंदनच्या वाट्यात काहीही बदल केलेला नाही. त्याने माझ्याशी बोलावे, अशी अट कोणत्याही कलमाला घातलेली नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

सही: कुंथुनाथ आदाप्पा मगदूम

साक्षीदार
१. रविराज बाळासाहेब देसाई, निवृत्त शिक्षक, रा. निपाणी
२. भरमू सिद्धाप्पा नाईक, गवंडी, रा. कोगनोळी

ठिकाण: निपाणी
तारीख: १८ फेब्रुवारी २०२५