न विचारता नेलेली फांदी

मी, खाली सही करणारी, वय एक्काहत्तर, धंदा शिलाईचा, चष्मा असला तरी सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. म्हातारीचं डोकं फिरलं होतं असं पुढे कोणी म्हणू नये, विशेषतः माझ्या नणंदेने.

१. राहतं घर माझ्या शिलाईच्या कमाईतून घेतलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझे पती (यापुढे नुसतं 'हे', कारण नाव घ्यायची मला सवय नाही) हयात असेपर्यंत त्यात राहतील. त्यांना कोणीही बाहेर काढू नये. मला राग आहे, पण तो असा नाही. ह्यांच्यानंतर घर माझ्या भाचीचं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. शिलाई मशीन, बॉबिनचा डबा आणि कापडाच्या कात्र्या भाचीला. त्या कात्र्यांनी कागद कापायचा नाही, हे तिला ठाऊक आहे. बँकेत जे काही असेल ते ह्यांना. त्यातून आधी कानाचं यंत्र घ्यावं, टाळाटाळ करू नये.

३. मागच्या अंगणातला गुलाब. याबद्दल सविस्तर लिहावं लागेल.

मूळ झाड साध्या लाल फुलांचं होतं. एका वर्षी त्याच्या एकाच फांदीला वेगळं फूल आलं, आतून पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं, कडेने तांबूस. असं फूल बी लावून येत नाही, ती फांदीच कापून रुजवावी लागते. त्यासाठी मी जिवाचं रान केलं. पेन्सिलीएवढे जाड तुकडे, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, खाली तिरका, वरचा सरळ, म्हणजे घाईत उलटा खोचला जात नाही. वाळू मिसळलेली माती, वरून काचेची बरणी. काही तुकडे काळे पडले. काहींनी पानं काढून मला हुरूप दिला आणि उपटून पाहिले तर खाली मूळच नाही. शेवटी एक तगला, तोच आजचा गुलाब. मूळ झाड पुढे वाळवीने गेलं.

हे डावखुरे आहेत. साध्या छाटणीच्या कात्रीत ह्यांच्या हातून फांदी चेंगरायची, म्हणून धार लावणाऱ्याकडून मी उलट्या पात्यांची कात्री मुद्दाम घडवून घेतली आणि ह्यांना दिली. हे तेव्हा तोंड भरून कौतुक करत होते.

मग एका सकाळी गुलाबावर ताजे काप दिसले. माझ्या कापाचा उतार भिंतीकडे पडतो, या कापांचा उलट, फाटकाकडे पडला होता. माझा जन्म कापड कापण्यात गेला आहे, कात्री कोणाच्या हातात होती हे मला कोणी सांगावं लागत नाही. मी विचारलं, तर हे पिशवी उचलून बाजारात गेले.

पुढे फुलांच्या प्रदर्शनात नणंदेच्या रोपवाटिकेला पहिलं बक्षीस मिळालं. टेबलावर माझा गुलाब आणि पाटी तिच्या नावाची. आपल्याकडेच उगवला म्हणून ती लोकांना सांगत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. ती जराही न चाचरता मला म्हणाली, "वहिनी, तुम्हाला एक रोप देऊ का?" हे बाजूला उभे राहून आपल्या चपलांकडे बघत होते.

घरी आल्यावर ह्यांना तोंड फुटलं. "अगं, चार काड्याच तर दिल्या. तुझं झाड जागेवर आहे ना?"

मी म्हटलं, "झाडाचं राहू द्या. मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

परक्याने चोरी केली असती तर फाटकाला कुलूप लावलं असतं. इथे केसाने गळा कापला, तोही मी दिलेल्या कात्रीने. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं नाही, पण पूर्वीसारखं काही राहिलं नाही.

४. तेव्हापासून मी त्या झाडाला कोणाला हात लावू दिलेला नाही. आता त्याचं खोड चिरलं आहे. नवी फांदी रुजवली नाही तर ते माझ्या मागोमाग जाईल आणि जगात उरेल तो नणंदेचा गुलाब, पाटीसकट. हे मला मंजूर नाही. म्हणून माझ्या पश्चात जो मागेल त्याला फांदी फुकट द्यावी. गल्लीत दारोदारी फुलू दे, मग तिने रोपं खुशाल विकावीत. मागितल्याशिवाय मात्र कोणाला देऊ नये. नणंदेने मागितली तर तिलाही द्यावी, पण तिने अंगणात येऊन, आपल्या तोंडाने मागावी.

५. ह्यांना साक्षीदार केलेलं नाही. ज्याला घर किंवा पैसा मिळायचा आहे त्याने सही करू नये असा नियम आहे. नियम नसता तरी केलं नसतं.

६. उलट्या पात्यांची कात्री ह्यांना. ती मी तेव्हाच काढून घेतली होती, मशीनच्या खणात आहे, धार करून ठेवली आहे. फांद्या ह्यांनीच कापायच्या. पहिली कापण्याआधी खिडकीशी असलेल्या माझ्या शिलाईच्या खुर्चीकडे तोंड करून, भाचीला ऐकू जाईल असं विचारावं, "घेऊ का?" मग थोडं थांबावं आणि कापावी. मी हो म्हणाले असते. तेव्हाही हो म्हणाले असते.

ठिकाण: राहतं घर, अंगणाकडची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी
सही: शिलाईवाल्या बाई

साक्षीदार, ज्यांच्यादेखत ही सही झाली:
१. कोपऱ्यावरचे डॉक्टर
२. समोरचे इस्त्रीवाले (यांनी सही करताना एक फांदी मागितली. पहिली यांना द्यावी.)