बिनआवाजाची गाडी

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! शेवटचा पेट्रोल पंप मागे पडला तेव्हा काट्यावरून नजर हटत नव्हती, पण पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या माझ्या नव्याकोऱ्या हायब्रिडने निम्मी टाकीसुद्धा संपवली नाही. दाजी अंगणात आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मी कशी आहे हा नाही, तर गाडी अ‍ॅव्हरेज किती देते हा. आकडा ऐकल्यावर त्यांनी आपल्या जुन्या डिझेल जीपकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना आयुष्यभर फसवलं. ताई पोट धरून हसत होती.

विम्याच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून मी इथे का आले, हे आईला अजून पटलेलं नाही. ताई आणि दाजी या जंगलाच्या तोंडाशी लॉज चालवतात. पाहुण्यांना सकाळी एका टोकाला सोडायचं, दिवसभर ते रानातून चालतात, आणि संध्याकाळी त्यांना दुसऱ्या टोकाहून घेऊन यायचं. जीपच्या खडखडाटाने जनावरं पळून जातात अशी सगळ्यांची तक्रार, म्हणून ताईने मला आणि माझ्या गाडीला बोलावून घेतलं. आधी कुणाला, ते विचारायचं नाही.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. पलंग कुरकुरतो, कपाटाचं दार लागत नाही, खिडकीतून फक्त झाडं दिसतात. मला फार आवडली.

६ ऑक्टोबर

आज पहिले पाहुणे नेले. दातांचे एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर पुढे बसले आणि थोड्याच वेळात म्हणाले की मी झोपेत दात खाते, सुळे सांगताहेत. बायकोने मागून त्यांच्या खांद्यावर चापट मारली.

कच्च्या रस्त्यावर हळू चालताना गाडी बॅटरीवर असते. इंजिन बंद. पायी चालणाऱ्याला चाहूल लागावी म्हणून पुढे एक छोटा स्पीकर दिलाय, त्यातून बारीक गुणगुण येते. कुणी ओठ मिटून एकच सूर धरावा तशी. एरवी चाकांखालची पानंसुद्धा ऐकू येतात. एक हरिणी रस्त्यात उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक लिहून ठेवते. परत येताना मी एकटी होते आणि रानात पक्षी नव्हते. होते, पण गप्प होते.

९ ऑक्टोबर

डॉक्टर चिडले. म्हणे, मी अर्ध्या वाटेवर गाडी घेऊन आले, ते हात करत धावले आणि मी न थांबता निघून गेले. मी तर पार दुसऱ्या टोकाला पुस्तक वाचत बसले होते. शिवाय त्या वाटेवर सायकल जाणार नाही, गाडी कुठली?

गाडी दिसली का, असं विचारल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. दिसली नव्हती. गुणगुण ऐकू आली होती, अगदी झुडपांच्या मागून. ताई म्हणाली, डोंगरात आवाज घुमतो. दाजी म्हणाले, म्हातारपणी कानही घुमतात. डॉक्टर मुक्काम अर्धा टाकून निघून गेले.

१३ ऑक्टोबर

पाहुण्यांना सोडून परत येताना रस्त्यातल्या लाकडी पुलापाशी मुद्दाम थांबले. गाडी बंद केली, काच खाली केली. ऊन चांगलं होतं, भीती वाटायचं काही कारण नव्हतं.

आधी काहीच नाही. मग डाव्या हाताच्या झाडीतून गुणगुण आली. माझ्याच गाडीची, पण किंचित खालच्या सुरात. थांबली. पुन्हा आली, या वेळी जरा वर. पुन्हा थांबली. गाणं शिकणारी मुलगी चुकलेली जागा घोटून घेते ना, तसं. आणि मग बरोबर सूर लागला. तंतोतंत. तो तसाच धरून ते जवळ यायला लागलं.

मी गाडी चालू करून सुटले. चढावर इंजिन धडधडलं आणि मागचा आवाज एकदम तुटला.

दाजींना सांगितलं. ते बिचारे लगेच जीप घेऊन पुलापर्यंत जाऊन आले. काही ऐकू आलं नाही म्हणाले. त्या जीपमध्ये बसून बॉम्ब फुटलेला तरी ऐकू येईल का? पण रात्री जेवताना मी विचार करत होते. इतकी वर्षं इथे जीपच फिरत होती. जवळ येऊन ऐकावं असं काही या रस्त्यावर आलंच नव्हतं. माझ्या गाडीपर्यंत.

१६ ऑक्टोबर

एक उंच फोटोग्राफर आला होता. आम्ही त्याला जिराफ म्हणायचो, तोही हसायचा. आज तो एकटाच रानात गेला. दुपारी मी अंगणात गाडी धूत होते आणि ताई पायरीवर वॉकीटॉकी घेऊन बसली होती. त्यावर जिराफचा आवाज आला.

“गाडी आली. येतोय.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पाण्याचा पाइप.

“कुठली गाडी?” ताई ओरडली. “अहो, गाडी इथे आहे, माझ्यासमोर! जाऊ नका तिकडे! ऐकताय का?”

त्याने वॉकीटॉकी बंद केला होता.

दाजी, वनखात्याची माणसं, सगळे शोधत फिरले. फक्त त्याच्या कॅमेऱ्याच्या तीन बॅगा सापडल्या. तिन्ही नीट एका ओळीत जमिनीवर ठेवलेल्या. डिकी उघडायची वाट बघत आपण ठेवतो तशा.

१८ ऑक्टोबर

लॉज रिकामं झालं. वनखात्याची माणसं खालच्या वस्तीकडे शोधायला गेली. मी म्हटलं, आपणही निघू या. ताई म्हणाली, एक माणूस आपल्या भरवशावर रानात गेला, तो सापडेपर्यंत कुलूप कसं लावायचं? तिचं बरोबर आहे. मला ते नको आहे, पण बरोबर आहे.

दुपारी कुंपणापलीकडून गुणगुण. माझी गाडी अंगणात होती, किल्ली माझ्या खिशात. मग दार उघडल्याचा आवाज. मग जिराफचा.

“गाडी आली. येतोय.”

तोच हेल, तेच शब्द. पुन्हा. पुन्हा. “जिवंत आहे तो!” म्हणत ताई फाटकाकडे धावली, मी तिला कमरेला मिठी मारून धरलं. दाजींनी जीप चालू केली आणि आवाज थांबला. तेव्हापासून जीप अंगणात चालूच ठेवलीय. धूर घरभर. कुणी खोकल्याशिवाय काही बोलत नाही.

१९ ऑक्टोबर, सकाळ

धुकं. समोरचं फाटक दिसत नाही. डिझेल संपत आलं म्हणून दाजी जीप घेऊन माणसं आणायला गेले. कड्या लावा, कुणी हाक मारली तरी उघडू नका, असं चारदा बजावलं.

जीपचा आवाज लांब लांब जाऊन संपला.

फार शांत आहे.

१९, दुपार

ताई नाही.

मी अंघोळीला गेले होते. पाण्याच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला, अंगणातून. ताई, जरा बाहेर ये ना. मी नळ बंद केला, ओरडले, मी इथे आहे, इथे! कडी वाजली. दार उघडलं गेलं.

तिचा चहा अजून गरम आहे.

गाडी काढते.

नंतर

गाडीत बसून लिहितेय. लिहिलं नाही तर किंचाळेन.

ताई मिळाली! रस्त्याच्या वळणावर धुक्यात उभी होती, हात लांब सोडून. दार उघडलं, ती शेजारी बसली. अंग बर्फासारखं. बोलत नाही. धक्का बसला असेल. बसणारच.

पुढे झाड आडवं पडलंय. जाता येत नाही. दाजी याच रस्त्याने येतील. इंजिन चालू आहे तोवर काही होणार—

बंद झालं. बॅटरी भरली की ही गाडी आपणहून इंजिन बंद करते. पेट्रोल वाचवते. देवा, आत्ता नको—

पुन्हा

बाहेर ताई ओरडतेय. मागून, लॉजच्या बाजूने. रडतेय, धावत येतेय.

“उतर गं खाली! ती मी नाही! उतर!”

नाही. त्याला सगळ्यांचे आवाज काढता येतात. माझाही काढला. ताई माझ्याजवळ आहे, हात लावून पाहिला. मी उतरणार नाही.

ताई काचेकडे बघत नाही. बाहेरच्या आवाजाने दचकत नाही. माझ्याकडेच बघतेय. ओठ मिटलेले—

किल्ली काढली. गाडी पूर्ण बंद. हातात आहे किल्ली, तरी गुणगुण. बाहेरून नाही.

शेजारून. जरा खालच्या सुरात. थांबली. आता थोडी वर. आता बरो—