सातवा रकाना

३ एप्रिल २००५
नात सुजाताचं लग्न ठरलं. मुलगा संदीप, कळंबचा. टेंपोनं वाशीला भाजी नेतो. तारीख ८ मे. बुद्धविहाराची विवाह नोंदवही माझ्याकडे. शेजारच्या लताचा नवरा लग्नानंतर वर्षात एड्सनं गेला, तेव्हा विहार समितीत लग्नाआधी तपासणीचा ठराव मीच मांडला. सातवा रकानाही मीच पट्टीनं आखला : 'दोघांचे रक्ततपासणीचे कागद पाहिले.' आता ठरावानंतरचं पहिलं लग्न माझ्याच घरचं.

११ एप्रिल
दोघं जुन्नरच्या सरकारी दवाखान्यातून कागद घेऊन आली. संदीपकडे त्याचा मागितला. म्हणाला, "दाखवणार न्हाई, आबा. सुजाताला समदं ठाऊक हाय." मान खाली नव्हती त्याची. पण टेंपोवाला, रात्र-रात्र बाहेर. वाशी. उद्या दवाखान्यातच विचारतो.

१२ एप्रिल
दवाखान्यात गेलो. तपासणीच्या बाई नीट बोलल्या, बसवलं, पण ज्याचं त्यालाच सांगतात. ओळखीचा वकील म्हणाला, आधी कोर्टानं अशा रोग्याचा लग्नाचा हक्क थांबवला होता, पुढे ते मागे घेतलं. तपासणीची सक्ती कुणावरच नाही. मग आमचा ठराव? टीव्हीवर तर तपासून घ्या म्हणतात. कुणाचं धरावं...

१७ एप्रिल
समिती बसली. नामदेव म्हणाला, "ठराव तुमचाच की राव. नातीला सूट व्हय?" सगळे हसले.
घरी येऊन सुजाताला म्हणालो, मोडू हे लग्न, पोरगा आजारी दिसतोय. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याचाच कागद वाईट, हे कशावरनं ठरवलं, आबा?"
तिचा कागद मागायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

१८ एप्रिल
लहानपणी ती विहिरीत पडली तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. मीच धावत आणल्या. कुठून, आठवत नाही. का दोघंही धडधाकट आहेत, नि मीच...

२४ एप्रिल
विचारायचा धीर झाला नाही. तीच म्हणाली, "डॉक्टरला इचारून ठरवलंय आमी दोघांनी. तुमी नावं लिवणार का न्हाई, तेवढं सांगा."
वही काढली. नावं, वय, गाव. सहा रकाने भरले. सातव्यात 'पाहिले' लिहिलं तर खोटं. कोरा ठेवला तर समितीचा शिक्का नाही. पेनाला टोपण लावलं. सुजाता दारातच उभी होती. टोपण पुन्हा काढलं.