कमरेच्या उंचीवरून

अधारताल, जबलपूर

प्रिय एकता,

तुझं पार्सल पोचलं एवढं फोनवर सांगितलं, पण वस्तू कशी आहे ते सांगायचं राहिलं. तपासल्याशिवाय मी कुठल्याच वस्तूला चांगली म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहे. जन्मभर फॅक्टरीच्या तपासणी विभागात तेच केलं आणि घरीही तीच खोड राहिली. लग्नात आलेला कुकर मी आधी नुसतं पाणी घालून दहादा उकळला होता, त्यावरून तुझ्या आईनं मला काय कमी टोमणे मारले? हिवाळ्यात तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हापासून टोमणे बंद आहेत. सुटलो असं वाटायला हवं होतं. खरं सांगतो बेटा, घर खायला उठतं.

तर हा तुझा गाण्यांचा डबा. आकार काडेपेटीएवढा, वजन जवळजवळ नाहीच. मागचा चिमटा पक्का आहे, आईच्या पदराला लावला की हलत नाही. चार्जिंग चांगलं टिकतं. दोष म्हणशील तर बटणं फार बारीक, माझा अंगठा एकावर ठेवला की दोन दाबली जातात. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. कानात घालायच्या बोंडांची तार आखूड, हाही दोष मी आधी धरला होता. आता तो मागे घेतो. फॅक्टरीच्या आवाजानं माझा डावा कान गेलेला, म्हणून मी आईच्या डाव्या हाताला बसतो. एक बोंड तिच्या डाव्या कानात, एक माझ्या उजव्या. तार आखूड असल्यानं खांद्याला खांदा लावून बसावं लागतं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही असे कधी बसलो नव्हतो.

आणि गाणी! विहारातल्या महिला मंडळात, जयंतीच्या स्टेजवर तुझी आई गायची, त्या कॅसेटी पेटीत कुजल्या असं मी धरून चाललो होतो. तू त्या पुण्याला कधी नेल्यास आणि कुणाकडून साफ करून यात भरून घेतल्यास, मला पत्ताच नाही. तिचा तो तरणा, खणखणीत आवाज कानात आला आणि ती डाव्या हातानं खाटेच्या पाटीवर ठेका धरायला लागली. डोळ्यांतून पाणी चाललेलं, ओठ मात्र मिटलेले. बोलण्याचा सराव करून घ्यायला राखी दीदी येतात, त्याही रोज म्हणायच्या, "आंटीजी, साथ में गाइए ना." जीभ काही वळेना. मी मनातून हरलो होतो. तुला फोनवर "ठीक आहे" म्हणायचो, ते उगीच.

आता शेवटची चाचणी. हातात वागवायची वस्तू कमरेच्या उंचीवरून पाडून पाहिल्याशिवाय पास करायची नाही, हा आमच्या विभागाचा शिरस्ता. परवा दुपारी मी खाटेसमोर उभा राहिलो, डबा कमरेशी धरला आणि दिला सोडून. फरशीवर आपटला. उचलून पाहिला, वाजत होता. पुन्हा कमरेशी धरला, तोच खाटेवरून आवाज आला, "अहो! काहून पाडून राहिले?"

शब्द जडावलेले होते, अर्धे तोंडातच राहिले होते, पण तिचेच होते. मग मी लबाडी केली. डबा मुद्दाम आणखी एकदा पाडला. "पागल!" ती म्हणाली. इतकी छान शिवी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. खाली फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. डब्याच्या कोपऱ्याला पोचा आला आहे, त्याबद्दल रागावू नकोस. वस्तू पास आहे. तुझे उपकार कसे मानावेत मला कळत नाही. बाप लेकीला धन्यवाद म्हणत नसतो, पण मी म्हणतो.

हे फोनवर सांगितलं असतं तर माझ्याच्यानं पुढे बोलवलं नसतं, आणि तू तिथली नोकरी टाकून गाडीत बसली असतीस. शिवाय आईनं हात हलवून मला दटावलं, फोनवर सांगायचं नाही म्हणून. तिला स्वतः बोलायचं आहे. कालपासून गाण्यांच्या मधेमधे ती तुझं नाव घोटते आहे. "ए" येतो, "ता" येतो, मधला "क" अडतो. राखी दीदी म्हणाल्या, आठवडाभरात येईल. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतो, रविवारच्या आत तुझ्या हाती पडावं. रविवारी नेहमीच्या वेळेला फोन कर. मी उचलणार नाही. इतके महिने मी तिच्या कानाला फोन लावला की तुला नुसता श्वास ऐकू यायचा आणि तू रडू येऊन ठेवून द्यायचीस. या वेळीही आधी श्वासच ऐकू येईल. ठेवू नकोस.

तुझाच, फरशीवर बसून लिहिणारा,
बाबा