आधी रानाचा कस!

प्रिय आबा,

काल गावात काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून सकाळीच लिहायला बसले. आई काल तिथंच होती, तरी तिला तेच तेच इतक्यांदा सांगून झालंय की आता मला बघितलं की ती उठून गोठ्यात जाते!

सोनं गाळायला परमुलखात गेलेल्या तुम्ही सगळ्या गलाईवाल्यांनी गावच्या शेतीसाठी पैसा साठवला होता ना? तुम्ही आम्हाला कायमचे सोडून गेलात, पण तुमचा वाटा त्यात तसाच आहे. तो सगळा पैसा कशात घालायचा, हे काल ठरायचं होतं. नानाकाका मदुराईचं गलाईचं दुकान बंद ठेवून आले होते. ते म्हणाले, "बोअरात घाला. पानी लागलं की सोनं पिकतंय!"

मी उभी राहिले. कृषीची पदवी घेतली म्हणून भावकीसमोर बोलता येतं थोडंच? म्हटलं, पाऊस बदललाय. पडला तर एका दुपारी कोसळतो, मग महिनाभर तोंड दाखवत नाही. बोअरला तरी पाणी कुठून येणार? "पोरगी पुस्तकातलं सांगती," मागून कुणीतरी म्हणालंच.

तेव्हा तुम्ही आठवलात. सुट्टीवर आलात की दूध असो, बैल असो, नाहीतर होणारा जावई, तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "कस बघितला का?" किती चिडायची मी!

"नाना, सोनं हातात आलं की तुमी आधी काय करता?"

"कस बघतो की."

"मग रानाचा कस कुणी बघितला?"

हशा पिकला. नाना मात्र हसले नाहीत. "कसा बघायचा? दाव."

दोन पेले पाणी आणि दोन वाळकी ढेकळं मागवली. एकात कधीच न नांगरलेल्या पडीक जागेतलं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात आपल्या रानातलं. पडीकातलं तसंच राहिलं. आपलं बघता बघता विरघळून तळाला बसलं! अशी माती पाऊस धरत नाही, त्याच्याबरोबर वाहून जाते. जन्मभर सोनं पारखलेली ही माणसं त्या पेल्यांवर अशी वाकली होती की मला हसू आवरेना. "आयला, ह्यात तर लय खोट हाय गड्या!" नाना म्हणाले.

मग काय विचारता! बांधबंदिस्ती, शेणखत, शेततळी, बाजरीत तूर; आणि बोअरचा विचार सगळ्यात शेवटी. चहा गार झाला तरी कुणाचं लक्ष नाही. पण सुरुवात कुणाच्या रानात करायची? पहिल्याच वर्षी पीक गेलं तर? जो तो दुसऱ्याच्या रानाचं नाव घ्यायला लागला.

आई पदर सावरत उठली. "ह्यांनी जलमभर लोकांचं सोनं साफ केलं. आता आमच्या रानापासनं सुरू करा."

आबा, तुम्ही तिथं असायला हवं होतं!

एक राग आहे तुमच्यावर, तो आजच सांगून टाकते. दर दिवाळीला निघताना म्हणायचात, "पुढच्या वर्षी कायमचा येतो." तेवढ्यावर आई एकटी हे रान कसत राहिली. का हो असं केलंत?

मी सांगलीची नोकरी सोडतेय. पीक आलं तरी इथंच राहीन, गेलं तरी इथंच. आईला आता कुणाचीच वाट बघायला लावणार नाही.

तुमची लेक,
अश्विनी