पाच ऑगस्टची नोंद

सोलापूर,
२० ऑगस्ट १९७२

चि. मायाप्पास, बिरप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तंबाखूच्या डब्यात बसवलेला रेडिओ. जुन्या चष्म्याच्या भिंगांची दुर्बीण. विणकर शेजाऱ्याकडच्या रेशमाच्या एका धाग्यावर टांगलेलं, दाढीच्या पात्यांचं चुंबक. त्यावर करंगळीच्या नखाएवढा आरसा, आणि समोर सात फुटांवर मिलिमीटरची पट्टी. एवढं सगळं मी, पाचवी शिकलेल्या मिलमधल्या फिटरानं, या दोन हातांनी केलं. मुद्दाम सांगतो, कारण तुझ्या अक्काला त्याची किंमत राहिलेली नाही.

तू मागं विचारलं होतंस, सूर्याचा वारा म्हणजे काय. सूर्याभोवतीचं तेजोवलय इतकं तापलेलं असतं, की ते सूर्यालाही आवरून धरता येत नाही. ते चहूकडे वाहत सुटतं. तोच हा वारा. सेकंदाला चारशे किलोमीटर धावतो, तरी इथं पोचायला चार दिवस लागतात. अंगाला लागत नाही, पान हलवत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला अडवतं. फार जोराचा आला तर ते चुंबकत्वच डळमळतं. मग माझा आरसा हलतो आणि त्यावरून पट्टीवर पडणारा, दिव्याच्या उजेडाचा ठिपका सरकतो.

सकाळी सातचं रीडिंग, मी पहिल्या पाळीला असलो की, तुझी अक्का घेते. नियम एकच: कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आधी दाराबाहेर ठेवायचा. लोखंड जवळ आलं की चुंबक फसतं. पाच तारखेला तिनं लिहिलं, ठिपका अठरा घरं सरकला. रोज तीन सरकतो, फार तर चार! मी ती ओळ लाल शाईनं खोडली आणि समोर 'जुडगा' असं लिहिलं. शेजारणीदेखत एवढंच म्हणालो, की डोळे गेले असतील तर वही सोड. दुसऱ्या दिवशी ती तुझ्याकडे निघून आली. चूक कबूल करून परत ये म्हणावं. वही अर्धी पडली आहे.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

बिरप्पा


मैंदर्गी,
२ सप्टेंबर १९७२

ति. दाजींस, मायाप्पाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमचा वारा पान हलवत न्हाय म्हंता, तर हिकडं पाठवा की. यंदा आमच्यात हलवायला पानच न्हाय. मेंढरं घेऊन दोन कोस लांब जातूय.

अक्कास पत्र वाचून दावलं. ती म्हणती, जुडगा दाराभायेर खुंटीला व्हता, वाटलं तर त्याच शेजारणीस विचारा. केली न्हाय ती चूक कबूल करनार न्हाय. यंत्र तुमी केलं, पर नऊ वर्सं त्येच्याम्होरं सकाळी उभं कोन ऱ्हायलं, असंबी म्हणली. हे लिवू नको म्हणत व्हती, तरी लिवलंय.

दुसरी गोष्ट वाईट हाय, दाजी. अक्कास डोळ्याच्या डॉक्टराकडं नेऊन दावलं. काचबिंदू हाय. डावा डोळा गेला, उजवाबी जानार. थेंब दिल्यात, पर गेलेली नजर माघारी येत न्हाय म्हणाले. अक्कानं थेंबांची बाटली पदरात बांधली. येताना वाटंत म्हणली, त्या दिवशी ठिपका लई लांब गेला व्हता, पर साफ दिसला. त्येच्यामागं काय बी तसं साफ दिसलं न्हाय.

तुमास्नी सगळं येतं. ह्येच्यावर काय करता येतंय का, तेवढं लिवा.

लहान समजून सांभाळून घ्या.

तुमचा मायाप्पा


सोलापूर,
२६ नोव्हेंबर १९७२

चि. मायाप्पास आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बारा आठवडे लागले. दोन पुस्तकं मागवली, तीन डॉक्टरांना विचारलं. काही करता येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे.

आता दुसरं. वाचनालयात एक इंग्रजी मासिक आलं. शब्दकोश घेऊन चार दिवस वाचलं. चार ऑगस्टला सूर्यावर प्रचंड भडका उडाला. त्याचा वारा चार दिवसांऐवजी पंधरा तासांत इथं पोचला. तिकडे अमेरिकेत लांब पल्ल्याची टेलिफोनची तार बंद पडली. आपल्या घड्याळानं तेव्हा पाच तारीख लागली होती. सकाळी सातला तुझी अक्का पट्टीसमोर उभी होती. नऊ वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो वारा आला तेव्हा मी मिलमध्ये पट्टा बदलत होतो.

शेजारणीला विचारलं. जुडगा खुंटीलाच होता.

लाल शाई पात्यानं खरवडून पाहिली. कागद फाटायला लागला, तेव्हा सोडली. खाली लिहिलं आहे: 'वरचं रीडिंग बरोबर. रीडिंग घेणारी, गोजाबाई.' अक्काला आता ते वाचता येणार नाही. तू वाचून दाखव. पुढच्या रविवारी मी मैंदर्गीला येतो. ती बोलेल की नाही, हे कुठल्याच पट्टीवर मोजता येत नाही.

दार उघडं ठेव, एवढी माया कर.

बिरप्पा

ता. क. अक्काला हेही सांग. त्या दिवसाच्या नोंदी शोधत पुण्याचे एक प्राध्यापक येऊन गेले. नऊच्या नऊ वह्या मागत होते. अट एकच, पाच ऑगस्टचं पान मी माझ्या अक्षरात नव्यानं लिहून द्यायचं; तिच्या डोळ्यांचं मीच बोललो होतो, तर अधू नजरेच्या बाईची नोंद कोणी खरी धरणार नाही म्हणाले. मी सांगितलं, तेव्हा मी तिथं नव्हतो, ती होती. वह्या दिल्या नाहीत. माझा पाच महिन्यांचा पगार होईल एवढे देत होते: पंधराशे रुपये.