आमच्या हॉलमधलं नेपोलियनचं सलून

करामा, दुबई

तीर्थस्वरूप भाऊमामांस,

सुयशचा साष्टांग नमस्कार. (खरा घातला असता, पण आमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीपॉय यांच्या मधे साष्टांग मावत नाही.) आपला गुडघा काय म्हणतो? मामींना नमस्कार. इकडे आम्ही तिघेही खुशाल आहोत, म्हणजे परवाच्या सोमवारपासून आहोत. त्याआधीचं सांगतो.

आपण आपल्या भाचीला, म्हणजे आमच्या छायाला, नेपोलियनच्या काळातल्या पॅरिसवरचं पुस्तक पाठवलंत, तिथून हे सुरू झालं. आपण इतिहासाचे मास्तर, आपल्याला ठाऊकच आहे की तिथल्या बायका ठरलेल्या वारी दिवाणखान्यात कवी, सरदार, वकील असे सगळे जमवायच्या आणि गप्पा मारायच्या. नुसत्या गप्पा! एका बाईच्या बोलण्याची तर बादशहाने एवढी धास्ती घेतली की तिला पॅरिसपासून दीडशे किलोमीटरच्या आत यायला बंदी केली. हे छायाने मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आठ वर्षं या बिल्डिंगमध्ये राहतेय, माझ्या बोलण्याची कुणाला धास्ती सोडा, पत्तासुद्धा नाही. एकदा मीही लोक जमवून बघते. नाहीच कुणी बोललं, तर आपली ओवी कॉलेजसाठी बाहेर गेली की मी साताऱ्याला, भाऊमामांनी देऊ केलेल्या खोलीत जाऊन राहते. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिने विमानांची तिकिटं बघितलेली दिसली.

तर त्या दिवाणखान्याला पुस्तकात 'सलून' म्हटलंय. तिने बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला: सोमवारी सात वाजता आमच्या घरी सलून, सर्वांनी अवश्य यावे. मीही तो वाचला होता आणि मला काहीच खटकलं नाही. (बायकोचे मेसेज मी अंगठ्याने वाचतो.)

सोमवारी सातला नऊ जण आले. सगळ्यांच्या खांद्यावर टॉवेल. तिसऱ्या मजल्यावरचे राजाभाऊ तर केस ओले करूनच आलेले. "वहिनी, नंबर सिस्टीम आहे का डायरेक्ट बसू?" छायाचा चेहरा पडला. ओवी "ओ माय गॉड, बाबा!" म्हणून खोलीत गेली. मी नेपोलियन समजावून सांगू लागलो, तर लोक चपला शोधू लागले. शेवटी राजाभाऊंनीच खालच्या दुकानातल्या हनीफ न्हाव्याला फोन केला. त्याची सोमवारी सुट्टी. तो पेटी घेऊन वर आला, जमिनीवर पेपर पसरले आणि म्हणाला, "यल्ला, चलो, पहले कौन?"

आणि मामा, गंमत इथेच आहे. गळ्याला चादर बांधली की माणसाचे दोन्ही हात आत जातात, हातांबरोबर मोबाइल जातो, आणि अर्धे केस कापलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. छायाने हे बरोबर हेरलं. तिने राजाभाऊंना त्या हद्दपार बाईची गोष्ट सांगायला घेतली. राजाभाऊ चादरीतून म्हणाले, "दीडशे किलोमीटर? म्हणजे रास अल खैमाच्याही पुढे! तिथे सिरॅमिक फॅक्टरीत मी डेली जातो, मला कुणी हाकललेलं नाही." लोक हसले, खुर्च्या जवळ आल्या. बाईच्या कमरेला हात लावून नाचायचा वॉल्ट्झ तेव्हा नवा होता आणि भल्याभल्यांना तो आचरट वाटे, यावर तर दोन जोडपी भांडलीच. मग सैनिक बादशहाला लाडाने 'केस कापलेला बुटका' म्हणत, हे छायाने सांगितलं, तेव्हा हनीफची कात्री थांबली. "मॅडम, उसका बाल काटता कौन था? औरत की बातों से डर गया, और गर्दन तो नाई के हाथ में थी!"

सगळे एकदम बोलू लागले. केस संपले तरी कुणी हलेना. पुढच्या सोमवारीही यायचं ठरलंय. हनीफ म्हणाला, तो पेटी न आणता येईल.

आपला भाचेजावई,
सुयश

ता.क. नेपोलियनचे केस कोण कापायचं, हे सोमवारच्या आत कळवावे. हनीफला शब्द दिलाय.

ता.क. २. खरं काम हे: ती साताऱ्याची खोली कुणाला तरी भाड्याने देऊन टाका. लगेच.

ता.क. ३. मला पूर्ण टक्कल आहे, हे आपण जाणताच. तरी सोमवारी मीही नंबर लावला. हात चादरीत गेल्यावर लक्षात आलं, 'घरात बोलायला माणूस नाही' असं छाया आठ वर्षं म्हणायची, तेव्हा मी घरातच असायचो.